ओढताच उघडलेली गादी

शनिवारी दुपारी धम्मशीला हिवाळेचा फोन वाजला, तेव्हा ती बुलढाण्याच्या कोर्टामागच्या कॅन्टीनमध्ये पोहे खात होती.

"मॅडम, मी अमीना बोलते. रुबिनाच्या अब्बानं जेलातून निरोप धाडला. गुरुवारी जजसायबासमोर कबूल करतो म्हणतात."

"काय कबूल करतो?"

"गांजा माहाच होता म्हणून."

धम्मशीलाला धक्का वगैरे काही बसला नाही. तिनं उरलेले पोहे संपवले. गांजाच्या पंधरा केसेस लढल्यावर वकिलाला धक्के बसायचे थांबतात. त्या पंधरांत एकही मोठा मासा नव्हता. कुणी रिक्षावाला, कुणी क्लीनर, कुणी पिशवी सांभाळणारी म्हातारी. माल ज्याचा असतो, तो कोर्टाची पायरी कधी चढतच नाही.

आता हा शकूर पिंजारी, अमीनाचा नवरा. मलकापूरच्या बाजारात गाद्या-रजया भरून देणारा, अट्ठेचाळीस वर्षांचा, आयुष्यभर कापसाची धूळ खाऊन छातीचा पार खुळखुळा झालेला माणूस. अकरा महिन्यांपूर्वी तो मालरिक्षात पाच नव्या गाद्या घेऊन मेहकरला निघाला होता. महामार्गावरच्या फाट्यावर पोलिसांनी टिपेवरून रिक्षा अडवली. खालच्या दोन गाद्यांत चोवीस किलो गांजा निघाला. ज्या कारभारी नावाच्या माणसानं गाद्या मागवल्या होत्या, त्याचा फोन त्याच दिवशी बंद झाला. तो कारभारी पुन्हा कुणाला सापडला नाही.

वीस किलोच्या वर गांजा म्हणजे कमीत कमी दहा वर्षं, आणि जामीन जवळजवळ नाहीच. शकूरची छाती जेलात दहा वर्षं टिकणार नव्हती, हे डॉक्टरला विचारायची गरज नव्हती. धम्मशीला ही त्याची तिसरी वकील, सरकारी मदतीतून मिळालेली. तीन साक्षीदार झाले होते, गुरुवारी चौथा होता. आणि त्याच दिवशी हा बाबा कबुली देणार म्हणे. एकदा कबूल केलं की कसला उलटतपास न् कसलं काय!

ती जेलात गेली. शकूर येऊन समोर बसला. त्याचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या खोळीसारखा कोरा होता.

"शकूरभाई, गांजा तुमचा होता?"

"मी कबूल करतो."

"ते नाही विचारलं मी. तुमचा होता का?"

शकूर टेबलाची कड नखानं खरवडत राहिला.

"आणला कुठून?"

"रेल्वेनं आला."

"कोणत्या गाडीनं?"

"याद नाई."

"पुडकी किती होती?"

"दहा-बारा असतीन."

पुडकी सोळा होती. पंचनाम्यात एकेकाचं वजन लिहिलेलं होतं. ज्याला आपल्याच मालाची पुडकी सांगता येत नाहीत, तो कसला तस्कर!

"गाद्या रिक्षात कोणी चढवल्या?"

शकूरनं पहिल्यांदा वर पाहिलं. लगेच मान खाली घातली.

"मीच."

"काऊन मरून राह्यले हो शकूरभाई? दहा वर्षं म्हंजे काय, समजते का तुमाले?"

"समजते."

"रुबिनाची बारावी आहे यंदा. तुमी आत बसल्यावर तिचं शिक्षण कसं चालू राहील?"

"राहील," शकूर म्हणाला. सगळ्या बोलण्यात हा एकच शब्द त्यानं ठामपणे उच्चारला. मग हळूच म्हणाला, "गुरुवारी कोणाले काई इचारू नका, मॅडम. कायले उगाच लोकाइले तकलीफ?"

रविवारी ती एसटीनं मलकापूरला गेली. खरं तर हे तिनं चार महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं. कागद वाचून केस लढायची सवय लागली होती. ती आळस नव्हे, पण आळसाची सख्खी बहीण नक्कीच.

दुकान म्हणजे एक अंधारी खोली. कापूस पिंजायच्या यंत्रावर प्लास्टिक टाकलेलं. जाळ्याजळमटांना अजून कापसाचे तुसे लटकलेले. अमीनानं पाणी दिलं आणि समोर बसली. ती रडली नाही. रडणं पहिल्या दोन महिन्यांतच आटोपलं होतं.

"गाद्या इथंच शिवल्या?"

"हाव. दोन दिवस लागले. खोळीचं तोंड मी शिवलं, गादीच्या मधातले डोरे त्याहीनं घातले."

"एखादी गादी आहे का तुमच्या हातची? दाखवा बरं."

अमीनानं कोपऱ्यातली एक जुनी गादी ओढून आणली. धम्मशीलानं तोंडाकडची शिवण पाहिली. बारीक, दाट टाके. कोपरे आत दाबून चौकोनी केलेले.

"हे तोंड उघडायचं असलं तर?"

"ब्लेडानं एकेक टाका कापा लागते," अमीना म्हणाली. "पिंजाऱ्याची शिवण उघडाले नसतेच, मॅडम. दहा साल तिच्यावर माणूस झोपते."

"रात्री गाद्या इथंच ठेवल्या होत्या?"

"नाई. इथं फरशीले ओल येते. तयार माल आमी भागवतभाऊच्या गोदामात ठेवतो, बाजूलेच आहे. लई सालापासून." अमीनाचा आवाज जरा ओला झाला. "फरिश्ता आहे तो माणूस. धंदा बसला होता, तं मेहकरची आर्डर त्यानंच मिळून देल्ली. त्या दिवशी अमावस्या होती, धान्याचं यार्ड बंद, एक हमाल नाई. तं त्यानं सोताच्या हातानं पायटी अंधारातच गाद्या रिक्षात चढोल्या, वरून तिरपाल टाकून दोरी बी बांधून ठेवली. हे गेले अन् नुसती चाबी फिरोली. आता घरात दाणापाणी, रुबिनाची फी, सारं तोच पायते."

"हे पोलिसांना सांगितलं होतं?"

"कोणी इचारलंच नाई. अन् ह्याहीनं मले सांगतलं, भागवतचं नाव कुठी काढू नको, भल्या माणसाले कोर्टाचा चक्कर कायले?"

पण चक्कर तर भागवतला लागलाच होता. गुरुवारचा चौथा साक्षीदार तोच. शेजारी म्हणून पोलिसांनी त्याचा जबाब घेतला होता: गाद्या शकूरनं स्वतःच शिवल्या, मी पाहिल्या.

नाव काढायची खोटी, भागवत शेठ दारात हजर. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, खांदे रुंद, बोलणं गोड. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराशी वकिलानं गप्पा मारू नयेत. धम्मशीला गप्पच होती. बोलला तो.

"मॅडम, आमच्या गावात येऊन तशाच जाता का? चला, घरची ज्वारी देतो."

"नको, शेठ. चालत नाही तसं."

"अरे, चालत कसं नाई? लाच थोडीच देऊन राह्यलो! दाणा आहे. दाण्याले नाई म्हणू नाई."

तो तिला जवळजवळ ओढतच बाजूच्या आडतीवर घेऊन गेला. एका लहान पोत्यात त्यानं ज्वारी भरली. नोकराला हाक न मारता दाभण स्वतःच उचलला. आधी पोत्याचे दोन कोपरे मुठीत धरून त्यांचे कान बांधले, उचलायला पकड राहावी म्हणून. मग सपासप टाके. बघत राहावं असा हात होता.

"शेठ म्हणते मले लोकं, पण मी हमाल आहो, मॅडम. याच यार्डात वीस वर्षं पाठीवर पोते वाह्यले. हे पाहा, डाव्या कानाले तीन वेढे, उजव्याले दोन. साऱ्या यार्डात असं कोणी बांधत नाई. अंधारात हात लावला तरी समजते, कोणत्या बाजूचा दोरा ओढाचा."

त्यानंच पोतं बसमध्ये चढवून दिलं. अमीना दारातून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर त्या माणसाबद्दलची कृतज्ञता अगदी उघड दिसत होती.

सोमवारी सकाळी धम्मशीलाच्या आईनं ज्वारी डब्यात ओतायला काढली. तिनं डाव्या बाजूचा दोरा ओढला. शिवण हलेना.

"कसलं बाई हे आवळलेलं! विळी आण गं."

"थांब आई, उजवीकडून ओढ."

आईनं उजवीकडचं टोक ओढलं. सर्र करून सगळा दोरा एका झटक्यात निघून आला आणि पोत्यानं आ वासला. दोन कान मात्र तसेच बांधलेले राहिले.

धम्मशीला उभी राहिली. "आई, एक दाणासुद्धा काढू नकोस," ती म्हणाली आणि फायलीकडे गेली. आई बघतच राहिली.

पंचनामा तिनं वीस वेळा वाचला होता. आज एकविसाव्यांदा एक ओळ तिला दिसली. 'सदर गादीच्या तोंडाकडील दोऱ्याचे टोक ओढले असता संपूर्ण शिवण उसवली व आत खाकी पट्टीने गुंडाळलेली पुडकी मिळून आली.' दुसऱ्या गादीबद्दलही तीच ओळ. तिनं फायलीतून पंचनाम्याचे फोटो बाहेर काढले. गादीच्या उघड्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना काहीतरी बांधलेलं होतं. फोटो धूसर होता, वेढे मोजता येत नव्हते. तिला स्वतःचा राग आला, आणि तो चांगला खणखणीत आला. चार महिने हे तिच्या टेबलावर पडून होतं.

गुरुवारी कोर्ट उघडण्याआधी ती कोठडीच्या जाळीपाशी गेली.

"शकूरभाई, कबुली शेवटी पण देता येते. आज फक्त गप्प बसा. एवढं ऐका माझं."

जाळी धरून तो उभाच राहिला. हो नाही, नाहीही नाही. पण पुकारा झाला तेव्हा तो गप्प बसला.

भागवतनं सरतपासात ठरलेलं सांगितलं. शकूर चांगला शेजारी, पण गाद्या त्याच्याच हातच्या. सरकारी वकील खाली बसले. धम्मशीला उठली.

"तुमच्या गोदामाला कुलूप किती?"

"एक."

"किल्ली?"

"माह्याजवळ."

"शकूरच्या तयार गाद्या रात्री कुठे असायच्या?"

"कधी कधी माह्या गोदामात. शेजारधर्म आहे."

"या पाच गाद्या?"

"असतीन. याद नाई."

"दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. यार्ड बंद होतं, हे बाजार समितीचं पत्र. हमाल कोणी होते?"

"अमावस्येले कोण हमाल येते?"

"मग रिक्षात गाद्या कोणी चढवल्या?"

"शेजारी म्हणून मी हात लावला. पुण्याचं काम केलं तं ते बी गुन्हा आहे का, मॅडम?"

कोर्टात दोघं-तिघं हसले. धम्मशीलानं पिशवीतून रिकामं पोतं काढून टेबलावर ठेवलं. कान बांधलेले, तोंड उघडं.

"हे ओळखता?"

"हाव. माहंच आहे. मॅडमले ज्वारी देल्ली होती मी."

सरकारी वकील ताडकन उठले. "साहेब, बचाव पक्ष साक्षीदाराकडून ज्वारी घेतो?"

"घेतली, साहेब. दाणा न् दाणा बाहेर बाकावर ठेवला आहे, जमा करून घ्यावा," धम्मशीला म्हणाली. "शेठ, हे कान तुम्ही बांधले?"

"मीच."

"कसे?"

"डाव्याले तीन वेढे, उजव्याले दोन."

"असं का?"

"तीनाकडचं टोक पक्कं राह्यते. दोनाकडून ओढलं का खुलते."

"यार्डात आणखी कोणी असं बांधतं?"

"कोणी नाई," भागवत म्हणाला. इतक्या वर्षांचा अभिमान होता, तो असा भरकन बाहेर आला. "माही खूण आहे ते."

"साहेब, मुद्देमालातल्या दोन्ही खोळी उघडाव्यात."

लाखेची मोहोर तुटली. शिपायानं खोळी टेबलावर पसरल्या. पट्ट्यापट्ट्याचं कापड, एकीकडे तोंड उघडं. त्या तोंडाच्या दोन्ही टोकांना कोपरे मुठीएवढे गोळा करून बांधलेले होते. न्यायाधीश पुढे वाकले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वेढे स्वतः मोजले. डावीकडे तीन, उजवीकडे दोन. दुसरी खोळ ओढली. तीन, दोन.

भागवत खोळीकडे बघत होता.

"गादी फाडली नोती का पोलिसाइनं?" तो म्हणाला.

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं टंकलेखकाला लिहायला सांगितलं. मग ते धम्मशीलाकडे वळले. "बोला."

"साहेब, पिंजारी गादी शिवतो ती न उघडण्यासाठी. टाका दाट, कोपरे आत. त्याच्या बायकोच्या हातची गादी मी पाहिली आहे, ती कोर्टापुढे आणायला तयार आहे. पोतं शिवणारा शिवतो ते उघडण्यासाठी, एका ओढीत. पोलिसांनी टोक ओढलं आणि गादी उघडली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे हे तोंड पिंजाऱ्याच्या हाताचं नाही.

"मेहकरची ऑर्डर भागवत शेठनं आणली. गाद्या त्याच्या गोदामात गेल्या, किल्ली एकट्याकडे. कुठून तरी आलेला माल रस्त्यानं पुढे धाडायचा होता. त्यानं दोन गाद्यांची तोंडं उसवून कापूस काढला, पुडकी भरली, तोंडं पुन्हा शिवली. तिकडच्या माणसाला गादी न फाडता माल काढता यायला हवा होता आणि हाताला वीस वर्षांची सवय. हात आपोआप कान बांधून मोकळा झाला. मग कुणी पाहायच्या आत त्यानं स्वतःच त्या दोन गाद्या तळाशी घातल्या, वर तीन रचल्या, तिरपाल बांधलं. शकूरला शिवण दिसली नाही, वजन हाताला लागलं नाही. आणि माल पकडला गेला, तरी पोलीस नेहमीसारखी सुरी मारतील, कान कोण बघतो, असं त्याला वाटलं. आत्ता ते तो स्वतःच बोलला."

"शकूरच्या घरी धान्य तुम्ही देता?" न्यायाधीशांनी भागवतला विचारलं.

"हाव," भागवत म्हणाला. "पाप धुवाले काईतरी करा लागते ना, साहेब."

कुंपणानं शेत खाल्लं होतं, आणि वर रोज दोन ओंजळी दाणे परतही टाकत होतं. न्यायाधीशांनी भागवतला आरोपी करून ताब्यात घ्यायचा हुकूम दिला. शकूर दोषी नसल्याचं मानायला सबळ कारण आहे असं लिहून त्याला जामीन दिला. पोलीस भागवतला घेऊन गेले. जाताना तो अमीनाच्या अगदी बाजूनं गेला. अमीनानं सवयीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

जामिनाचे कागद होईपर्यंत शकूरला व्हरांड्यात बसवलं होतं, सोबत एक शिपाई. धम्मशीला त्याच्याजवळ गेली. केस जिंकली होती, पण तिचं एक कोडं सुटलेलं नव्हतं.

"तुम्ही पिंजारी. फाट्यावर पोलिसानं दोरा ओढला, तेव्हा तुम्ही तिथेच उभे होता. शिवण कोणाची ते तुमाले तेव्हाच समजलं असंन?"

शकूरनं एकदा शिपायाकडे पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "कान पाह्यले अन् समजलं."

"मग काऊन नाही बोलले?"

"कोण मानलं असतं? तो शेठ, मी पिंजारी. पहिल्या मुलाकातीले आला तो. म्हणे, पोरीचं शिक्षण, घरचं दाणापाणी माह्यावर सोड. दुसरं काई बोलला नाई. मी बी नाई बोललो. आज तुमी त्याले इचारसान, तो अडकीन, अन् दाणा बंद होईन म्हणून कबूल करत होतो. माही छाती अशीबी गेलेलीच आहे, मॅडम. बाहेर राहून मी त्याहीले किती दिवस पुरलो असतो?"

मागे अमीना उभी होती. कधी आली, कुणाला कळलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं. शकूरनं तिला पाहिलं आणि उठायला लागला. तिनं हातानंच थांबवलं.

"अकरा महिने," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "अकरा महिने मी पाचही वखत नमाजीत त्या माणसाले दुवा देल्ली. त्याच्या पोराइले लंबी उमर मागतली. हर मुलाकातीले तुमाले येऊन सांगत होती. अन् तुमी मले मागू देल्ली."

"अमीना..."

"उपाशी ठेवलं असतं तं चाललं असतं."

शकूरनं तोंड दोन्ही हातांत झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. शिपायानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

अमीना धम्मशीलाकडे वळली. "जमानतीले सातबारा लागते ना, मॅडम? धामणगावाले माह्या भावाकडे आहे. मी घेऊन येते."

आणि नवऱ्याकडे न बघता ती पायऱ्या उतरून बसस्टँडकडे चालायला लागली.